हिऱ्याची चौथी नखी

कुणीच काही बोलत नव्हते. टेबलावर कोमट पाण्याचा वाडगा होता, त्यावरचा साबणाचा फेस एकेक बुडबुडा करून विझत होता, आणि वाडग्याच्या काठावर मऊ केसांचा एक टूथब्रश आडवा पडला होता. कोरलीने आपला डावा हात कानाशी धरला होता. तिची मुलगी टॅम्सिन पंचा घेऊन तशीच उभी होती. दारात क्लेम, कोरलीचा नवरा. एक बूट पायात, एक हातात. बाहेर पाण्याच्या टाकीवर गुलाबी काकाकुव्यांचा थवा कलकलत होता, पण त्या कलकलाटाने आतली शांतता भरून निघत नव्हती. ती उलट खोल होत चालली होती.

त्या शांततेच्या आधी एक आवाज झाला होता. टिक्. काचेवर तांदळाचा दाणा पडावा, एवढाच.

तो आवाज माझ्या पकडीतून निसटलेला होता.

मित्रांनो, मी एक जुनी नखी आहे. वाघाची नव्हे, मांजराचीही नव्हे. अंगठीतला हिरा ज्या चार सोनेरी बोटांच्या आधाराने उभा असतो, त्यांतली मी चौथी, करंगळीच्या बाजूची. अंगठी पाहताना तुम्ही हिरा पाहता. आम्ही तुमच्या नजरेत भरत नाही, आणि भरू नये अशाच बेताने आम्हाला घडवलेले असते. कोंदणातला खडा चहूबाजूंनी सोन्यात निजलेला असतो, त्याला कसली काळजी! नख्यांमधला हिरा मात्र उजेडात ताठ उभा राहतो. चहूकडून प्रकाश पिता यावा म्हणून तो जवळजवळ उघडाच असतो, आणि त्या 'जवळजवळ'मध्ये जेवढी जागा उरते, तेवढे आमचे आयुष्य.

माझा जन्म ॲडलेडमधल्या एका अरुंद गल्लीतला. सोन्याची कांब तापवून, पोलादी पट्टीच्या लहान होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढून तिची तार केली. तारेचे चार तुकडे झाले आणि त्या दिवसापासून आम्ही चौघी बहिणी झालो. आम्हाला एका इवल्या टोपलीसारखे उभे करून डाख लावला. मग कारागिराने प्रत्येकीच्या आतल्या अंगाला एक बारीक खाच पाडली. हिऱ्याची कड त्या खाचेत अलगद बसली आणि त्याने आमची टोके एकेक करून हिऱ्यावर वाकवली. वाकणे म्हणजे हार, असे तोवर मला वाटे. त्या क्षणी कळले, काही वाकणी मिठीसारखी असतात.

क्लेम ट्रेविन दुकानात आला तेव्हा तरुण होता, आणि त्याच्या अंगाला मेंढ्यांचा वास होता. तो हंगामी कातरणारा; उत्तरेकडच्या कोरड्या, खारट झुडपांच्या मुलखात गावोगाव फिरून लोकर उतरवणारा. त्याने आमच्याकडे बराच वेळ नुसते पाहिले. सोनाराने अंगठी डबीत ठेवताना बजावले, "वर्षातून एकदा आणून दाखवा. नख्या झिजतात. हिरा नाही झिजत, नख्या झिजतात." क्लेमने मान हलवली.

"आणाल ना?"

"कातरणी झाली की आणतो," क्लेम म्हणाला.

हे वाक्य लक्षात ठेवा. आमच्या घरात ते पुढे इतके वापरले गेले की त्याची पायवाट झाली.

आता कोरलीविषयी सांगायला हवे. कोरली त्या वर्षी टूरिला नावाच्या मेंढवाड्यावर, कातरणीच्या शेडमध्ये, लोकर पारखायला नव्याने आली होती. मेंढीच्या अंगावरून लोकर अखंड उतरते, गोधडीसारखी. ती फटी ठेवलेल्या लाकडी पट्ट्यांच्या लांब टेबलावर फेकून पसरतात. पारखणारी व्यक्ती तिच्यातून एक बट उपसते, दोन्ही टोके चिमटीत ताणून धरते, कानाशी नेते आणि मधल्या बोटाने टिचकी मारते. बट तारेसारखी वाजली तर पक्की. करकरली, तुटली, तर कच्ची. मग लोकर त्या-त्या कप्प्यात जाते. पारखणाऱ्याच्या शब्दावर शेडमध्ये वाद नसतो, मालकाचाही नाही. आणि लोकरीत काही कचरा सापडला, सुतळी म्हणा, विडीचे थोटूक म्हणा, तर पारखणारी ओरडते, आणि ज्याची मेंढी असेल त्याने सगळ्यांसमोर टेबलापाशी येऊन तो आपल्या हाताने काढायचा, असा टूरिलाचा रिवाज होता.

एका दुपारी क्लेमने मेंढी कातरली आणि लोकर स्वतःच उचलून टेबलावर फेकली. हे काम त्याचे नव्हे. बाकीचे गडी यंत्रे थांबवून उगाच घाम पुसू लागले. कोरलीने हात फिरवला आणि तिचा हात अडखळला.

"कचरा!" ती ओरडली. "कुणाची मेंढी ही? धातू आहे हिच्यात! यंत्राचा दात मोडून पडलाय का? लोहार आहात की कातरणारे?"

"माझी मेंढी," क्लेम म्हणाला.

"मग ये आणि काढ."

तो आला. त्याने लोकर दूर सारून आम्हाला बाहेर काढले, पँटला पुसले आणि तिच्या बोटात सरकवले. ती हिऱ्याकडे पाहत राहिली, मग लोकरीकडे, मग तिने एक बट उपसली, कानाशी नेऊन टिचकी मारली आणि सबंध शेडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाकी लोकर पहिल्या प्रतीची आहे."

हेच त्याचे विचारणे, आणि हेच तिचे हो म्हणणे. शेडमध्ये इतकी आरोळी झाली की दाराशी बांधलेले कुत्रे भुंकत सुटले.

त्या दिवसापासून अंगठी बोटातून निघाली नाही. कोरलीचा एक नेम होता, तो ती प्रार्थनेसारखा पाळत असे: जे धरून आहे त्याला हात लावू नये. फाटकाची बिजागरी नीट चालते ना, मग तेल कशाला? माणूस घरी आहे ना, मग 'तुझं माझ्यावर प्रेम आहे का' हे विचारायचं कशाला? तपासणे हा तिला अविश्वास वाटे. त्यामुळे "कातरणी झाली की" हे वाक्य तिला फार सोयीचे पडले. कातरणी झाली की कोकरांच्या शेपट्या छाटायच्या असत, ते झाले की पेरणी, पेरणी झाली की कोकरे, आणि कोकरे मोठी होईतो पुन्हा कातरणी उभी. सोनाराची गल्ली दूरच राहिली.

आणि आम्ही जगत राहिलो. किती गोष्टींतून गेलो म्हणून सांगू! अडलेल्या मेंढीच्या पोटात कोपरापर्यंत गेलेला तो हात आठवतो, आणि बाहेर येताना त्यात धरलेले ओले, लुकलुकणारे कोकरू. पेस्टीचे पीठ आठवते, बटाटा-मांसाच्या सारणावर कड मुरडत जाणारी बोटे आठवतात. सलग कोरडी वर्षे आठवतात. तेव्हा कोरली रिकाम्या टाकीवर बोटांनी ठोकून पाणी कुठवर आहे ते ऐकत असे, आणि तो पोकळ नाद माझ्या मुळापर्यंत पोचत असे. तान्ही टॅम्सिन आठवते. दूध पिताना ती हिरा मुठीत धरण्याचा प्रयत्न करी. तिच्या मुठीत हिरा मावे. आमची टोके तिला टोचत, मग ती भोकाड पसरी आणि कोरली मलाच दटावी. "ए, नख्या आवर!" आयुष्यात मला कुणी नावाने हाक मारली असेल तर ती एवढीच.

स्तुती हिऱ्याला मिळाली. चर्चच्या जत्रेत बायका कोरलीचा हात धरून म्हणत, "काय पाणी आहे गं याचं!" हिरा मंद चमके. त्याला गर्व नव्हता, तो स्वभावानेच अबोल. आपल्याला कुणीतरी धरले आहे हे त्याला ठाऊक होते की नाही, कोण जाणे. आकाशाला तरी कुठे ठाऊक असते की आपण कुणाच्या तरी खिडकीत मावलो आहोत? मला त्याचे दुःख नव्हते. थोडी हुरहुर होती. संध्याकाळी कामे उरकून कोरली ओट्यावर हात टेकून उभी राही, उतरते ऊन हिऱ्यात शिरून भिंतीवर सात रंगांचे कवडसे उमटत, आणि त्या कवडशांच्या मधोमध चार बारीक काळ्या रेषा असत. त्या आम्ही. उजेडातली आमची सही तेवढीच.

झीज कधी सुरू झाली, सांगता येत नाही. ती झोपेसारखी येते. रोजची लोकर, रोजची माती, रोजची दगडी ओट्यावरची घासणी. माझे गोलसर टोक आधी चपटे झाले, मग धारदार, मग कागदासारखे पातळ. आणि एके दिवशी कुंपणाच्या तारेत अडकून ते केसभर वर उठले. केसभरच. पण हिऱ्याच्या दुनियेत केस म्हणजे दरवाजा.

खरे तर याची एक खूण असते, आणि ती साऱ्या जगात तीच आहे. उठलेली नखी धागा पकडते. शहरातल्या बाईच्या अंगठीत स्वेटरचा धागा अडकला की ती दचकते आणि सोनाराकडे धावते. पण टूरिलात? तिथे चहात लोकर असे, पावात लोकर असे, क्लेमच्या भुवयांत लोकर असे. कोरलीच्या अंगठीत तर रोज एक पांढरी बट अडकलेली. ती दाताने तोडून फेकत असे आणि पुढच्या मेंढीकडे वळत असे. मी धागे धरधरून सांगत होते, आणि ज्या घरात सगळेच धाग्यांनी भरलेले, तिथे माझा निरोप कुणाला वाचता येणार?

मग हिरा पडला कसा नाही, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, इथे मला हसू येते. न धुतलेल्या लोकरीत एक मेणचट तूप असते. कोरलीचे हात त्या तुपाने बारमाही मऊ. ते तूप आणि तांबडी धूळ मिळून हिऱ्याखाली, आमच्या बुंध्यांपाशी, वर्षानुवर्षे साचत गेले आणि घट्ट बसले. जे काम सोन्याने करायचे, ते मेंढ्यांनी गुपचूप उचलले होते. हिरा अंधुक झाला खरा, पण लोण्यात रुतलेल्या बदामासारखा जागच्या जागी राहिला.

आणि मग त्या रविवारी टॅम्सिन आली.

टॅम्सिन ॲडलेडला दातांच्या दवाखान्यात काम करते. लोकांच्या दातांवरचे कीटण काढते. दुसऱ्या दिवशी कातरणी सुरू होणार होती आणि ती आठवडाभर गड्यांच्या रांधपासाठी घरी आली होती. आल्या-आल्या तिने आईचा हात पाहिला आणि नाक मुरडले.

"आई, हा हिरा आहे की मनुका?"

"कामाचा हात आहे तो. तुझ्यासारखे रबरी हातमोजे नाही घालत मी."

"बस इथं. पाच मिनिटं. बोटातून काढायला नाही सांगत, घाबरू नकोस."

आणि तिने, बोटातल्या बोटात, कोमट साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने, आम्हाला घासायला घेतले. काय सुख होते ते! तूप सुटले, धूळ सुटली, मेंढ्यांच्या कितीतरी पिढ्या वाडग्यात तरंगू लागल्या. हिरा असा उजळला की टॅम्सिनच्या हनुवटीवर रंग सांडले. कोरलीसुद्धा हसली. तिने हात झटकला.

टिक्.

तिने हात कानाशी नेला, पुन्हा हलवला. टिक्. इथूनच मी गोष्ट सुरू केली होती.

"कीटण काढलं की कधीकधी दात हलतो," शेवटी टॅम्सिन हळूच म्हणाली. "म्हणजे तो आधीच हलत असतो. कीटणानं धरलेला असतो."

"हलत-बिलत काही नाही," कोरली म्हणाली.

"आई, वाजतोय तो!"

"वाजू दे. मीही सकाळी उठताना वाजते. मला नेताय का कुठे दुरुस्तीला?"

दारातून क्लेम म्हणाला, "कातरणी झाली की—"

"बाबा, तुम्ही तर बोलूच नका!"

कोरली उठली. तिने वाडगा उचलून पाणी बाहेर टोमॅटोच्या वाफ्यात ओतले आणि पाठ करूनच बोलली, "इतकी वर्षं धरून आहे. आता काढून कुणाच्या तरी भिंगाखाली ठेवायची? उघडून बघितलं की मोडतं. जे धरून आहे ना, त्याला हात लावू नये." आवाज चढा होता, पण बोट मला कळत होते. तिचा अंगठा हिऱ्यावर घट्ट दाबून बसला होता. तिला हिऱ्याची भीती नव्हती. एकदा तपासायला घेतले की काय-काय सैल निघेल, याची होती.

सोमवारी सकाळी ती बोटाला औषधी चिकटपट्टी गुंडाळून शेडमध्ये हजर झाली. पट्टीच्या आत आम्ही पाचजण अंधारात. दुसऱ्या तिघी बहिणी ताठ होत्या, पण त्यांचेही वय झालेले. मी माझ्या उठलेल्या टोकाने हिऱ्याची कड चाचपत होते. तो डुलत होता. बाहेर यंत्रांची घरघर, खुरांची टपटप, आणि लोकरीमागून लोकर. हिरा त्या ढिगात पडला असता तर? लोकर कप्प्यात, कप्प्यातून दाबयंत्रात, तिथून करकचून शिवलेल्या गाठोड्यात, गाठोडे ट्रकवर, ट्रक बंदरात. समुद्रापार कुणाच्या तरी पिंजणयंत्राने त्याला दगड म्हणून बाजूला फेकले असते. मी आयुष्यात इतकी जागी कधी नव्हते.

चहाच्या सुट्टीच्या थोडे आधी कोरली कडाडली. "कचरा! कुणाची मेंढी? चिकटपट्टी आहे लोकरीत! लाज वाटते का? ही लोकर कुणाच्या तरी बाळाच्या अंगावर जायचीय! कोण आहे, पुढे या!"

सगळी यंत्रे थांबली. कातरणाऱ्यांमध्ये टामाटी होता, न्यूझीलंडहून दर हंगामाला येणारा, पहाडासारखा माणूस. त्याने आपली दहाही बोटे वर करून दाखवली. मग बाकीच्यांनी. मग टामाटी टोपी काढून अतिशय आदराने म्हणाला, "मावशी, तुमचं बोट बघा जरा."

कोरलीने बोट पाहिले. पट्टी नव्हती. तुपाने सैल होऊन ती केव्हाच लोकरीत निसटली होती.

"रिवाज म्हणजे रिवाज, मावशी," टामाटी म्हणाला. "ज्याचा कचरा त्यानं काढायचा. सगळ्यांसमोर."

शेड हसून-हसून वाकली. कोरलीने पट्टी दोन बोटांच्या चिमटीत उचलली, राणीसारखी चालत गेली आणि डब्यात टाकली. "झालं समाधान? चहा घ्या आता. टामाटी, तुला केक नाही."

"केक टॅम्सिनचा आहे, मावशी."

"म्हणूनच दया करतेय तुझ्यावर."

ती हसत होती, पण हात तिने मुठीत लपवला होता. तेव्हा क्लेम टेबलापाशी आला. हा माणूस दिवसाकाठी मोजके बोलतो. मेंढ्यांशी मात्र अधिक. त्याने तिची मूठ आपल्या तळहातावर घेतली.

"ऐक एकदा," तो म्हणाला.

"ऐकलंय मी काल."

"काल घरी ऐकलंस. इथं ऐक."

"त्यानं काय फरक पडतो?"

"घरी तू माझ्याशी खोटं बोललीयस. अनेकदा. माझ्या टोपीबद्दल, माझ्या आईच्या पुडिंगबद्दल." तो थांबला. "या टेबलाशी तू कधी खोटं बोलली नाहीस. कुणाशीच. बट आहे असं समज आणि सांग, कुठल्या कप्प्यात टाकायची?"

पुन्हा शांतता झाली. पण कालची वेगळी होती. कालच्या शांततेत सगळे लपले होते, आजच्या शांततेत सगळे वाट पाहत होते. टामाटीचा चहाचा मग ओठांशी थबकला. टॅम्सिन दारात केकची परात धरून उभी. कोरलीने हात कानाशी नेला. डोळे मिटले, बट ऐकताना ती नेहमी मिटते. आणि मधल्या बोटाने तिने आम्हाला टिचकी मारली.

मी जिवाच्या आकांताने धरले होते. पण झिजलेल्याला जिवाचा आकांत पुरत नाही.

टिक्.

कोरलीच्या चेहऱ्यावर काय झाले ते मला दिसले नाही. मला तिचा श्वास ऐकू आला, आत गेलेला आणि बराच वेळ बाहेर न आलेला. मग तिचा शेडमधला आवाज आला, ज्यावर वाद नसतो तो.

"कच्ची."

ती पुढे म्हणाली, "नख्या कच्च्या आहेत. हिरा पक्का आहे. दुरुस्त होईल." आणि तिने डावा हात टेबलावरच्या ताज्या, गरम, तुपकट लोकरीत मनगटापर्यंत खुपसला. सांधे सुजलेल्या त्या बोटावरून अंगठी साबणाने निघाली नसती, लोण्याने निघाली नसती. मेंढीच्या तुपाने ती अशी सरकली की जणू कधी अडकलीच नव्हती. मी प्रथमच तिच्या कातडीपासून वेगळी झाले. तिथे एक गोरा, कोवळा पट्टा होता, ज्याने इतक्या वर्षांत ऊन पाहिले नव्हते.

तिने अंगठी टॅम्सिनच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटवली. "आज. कातरणी झाल्यावर नाही. आज."

शेडमध्ये जी आरोळी उठली, तिच्यात मला माझ्या पहिल्या दुपारची ओळख पटली.

गावातली सोनारीण एडा नोस्के नावाची, केस आखूड, बोटांवर भाजल्याचे जुने डाग. तिने भिंग डोळ्याला लावले आणि माझ्याकडे पाहिले. हिऱ्याकडे नव्हे. माझ्याकडे! इतक्या वर्षांनी कुणीतरी मला भिंगातून, मुळापासून टोकापर्यंत पाहत होते, आणि मला माझ्या झिजलेपणाची लाज वाटली नाही.

"अगं बाई," ती म्हणाली. "दोघी कागदासारख्या झाल्यात. आणि ही एक तर सलाम ठोकून उभीच राहिलीय. हा टिकला कशावर?"

"मेंढीच्या तुपावर," टॅम्सिन म्हणाली.

एडा इतकी हसली की तिला भिंग काढून ठेवावे लागले. "अंगठीत धागा अडकतो का, असं मी सगळ्यांना विचारते. तुमच्याकडे विचारण्यात अर्थच नाही."

तिने हिरा बाजूला काढला, आम्हाला तापवले, आणि आमच्या टोकांवर नवे सोने चढवले. वेदना म्हणाल तर होती. पण वसंतात फांदीलाही ती होत असावी. खाच पुन्हा कोरली. हिरा पुन्हा बसला. एडाने मला वाकवले, आणि मी वाकले, आणि त्याची कड माझ्या खाचेत अशी बसली, जशी पहिल्या दिवशी बसली होती. त्या गारढोण, अबोल हिऱ्याने क्षणभर मला दाबून धरले, असा मला भास झाला. भासच असेल. तो मी जपून ठेवला आहे.

अंगठी परत आली तेव्हा शेड सुटायची वेळ झाली होती. क्लेमने ती पँटला पुसली. टॅम्सिन ओरडली, "बाबा, पुसू नका, आत्ताच स्वच्छ केलीय!" त्याने ऐकले नाही, ती कोरलीच्या बोटात सरकवली. कोरलीने हात कानाशी नेला. टिचकी मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. फक्त तिच्या नखाचा नखीवर उमटलेला स्वच्छ, घट्ट नाद.

"पक्की," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा असा फुलला की टामाटीने त्या दिवशी केकचा दुसरा तुकडा न विचारता उचलला आणि त्याला कुणी बोलले नाही.

मित्रांनो, मी आता काय मागू? तुमच्या घरात एखादी अंगठी असेल, आईची, आत्याची, आजीची, तर तिच्यातला खडा वर्षातून एकदा कानाशी नेऊन ऐका. स्वेटरचा धागा तिच्यात अडकला तर तो तोडून फेकण्याआधी क्षणभर थांबा; कुणीतरी काही सांगत असेल. आणि जी माणसे तुम्हाला धरून आहेत, ती दिसत नाहीत म्हणून झिजत नाहीत असे समजू नका. तपासणे म्हणजे अविश्वास नव्हे. ज्याला आपण भिंगाखाली धरतो, त्याला आपण गमावू इच्छित नाही, एवढाच त्याचा अर्थ. धरून ठेवणाऱ्यालाही अधूनमधून कुणीतरी धरावे लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोरलीने चहा घेतला, कपाळावर रुमाल बांधला आणि शेडकडे निघण्यापूर्वी, कुणी सांगितले नसताना, खिडकीपाशी थांबली. अंगठी आता सहज निघत होती. हाताला कालच्या लोकरीचे तूप होते. लोकरीत पुन्हा झिजायला नको म्हणून तिने मला खिडकीतल्या बशीत ठेवले, उन्हात. टॅम्सिन ओट्याशी पेस्ट्या भाजत होती. तिने पाहिले आणि हसून भट्टीचे दार लावले. बाहेर पायरीवर क्लेम बूट चढवत होता. त्याची नजर बायकोच्या रिकाम्या बोटावर गेली आणि बुटाची नाडी हातात तशीच राहिली.

"काय गं म्हातारे, हात रिकामा? माझ्याशी बिनसलंय, की टामाटीनं मागणी घातली?"

कोरलीने त्याची टोपी त्याच्या डोळ्यांवर ओढली आणि ती पुढे निघाली.

इतकी वर्षे मी तिच्या बोटावर होते, म्हणून मी तिला दुरून कधी पाहिले नव्हते. मला नीट ठाऊक होता तो तिचा हात. आज बशीच्या काठावरून ती मला सबंध दिसली: रुंद खांदे, एका पायावर किंचित भार देऊन पडणारी ती चाल, तांबड्या वाटेवर उमटत जाणारी पावले, आणि वाऱ्यात मोकळा हलणारा डावा हात, ज्याच्यावरचा तो गोरा पट्टा उन्हात जवळजवळ चमकत होता.

"अगं, उत्तर तरी दे!" क्लेम टोपीखालून ओरडला.

ती चालतच राहिली.